झाकली मूठ, चौदा रेकॉर्डिंग्ज आणि एक टेक्स्ट फाइल

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ जिथे जिथे आलं, ते जमेल तेवढं काढलंय. उरलेलं सांभाळून घ्या.)

बसमध्ये असाल तर आवाज थोडा वाढवा, कारण आज मी घरून रेकॉर्ड करतोय आणि वरच्या मजल्यावर फरशीचं काम चाललंय.

आज माझ्या नोटीस पिरियडचा एक्केचाळीसावा दिवस आहे. नव्वदातला. काल मॅनेजरचा मेल आला, सोबत एक एक्सेल शीट. नाव ‘केटी प्लॅन’. डावीकडे विषय, मग तारीख, मग कोण कोणाला शिकवणार, आणि सगळ्यात उजवीकडे एक कॉलम: ‘पूर्ण झालं? होय / नाही’. ज्यांना आयटीमधलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. कंपनी सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात जे आहे ते राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात ओतायचं, शेवटच्या दहा-बारा दिवसांत, टीम्सवर स्क्रीन शेअर करून. पेट्रोल पंपावर एका कॅनमधून दुसऱ्या कॅनमध्ये ओततात तसं.

ती शीट बघून मला हसू आलं आणि मग जरा पोटात गोळा आला. कारण ही शीट मी पूर्वी एकदा बघितलीय. तेव्हा मी राहणारा होतो, जाणारे आमचे काका होते.

काका म्हणजे आमच्या टीममधले सगळ्यात सीनियर. वय असेल चव्वेचाळीस, पण आम्ही सगळे बावीस-तेवीसचे, म्हणून काका. हिंजवडीत आमचं ऑफिस, क्लायंट इन्शुरन्सवाला, आणि आमचं काम रात्रीची बॅच सांभाळायचं. म्हणजे लोकांच्या खात्यातून हप्ते कापायची फाइल रात्री तयार होते आणि सकाळी सहाला बँकेला जाते. काका सात वर्षं त्या एकाच सिस्टीमवर होते. त्यांनी राजीनामा दिला आणि शेवटच्या पंधरवड्यात आमची केटी झाली. चौदा रेकॉर्डिंग्ज, एकूण एकोणीस तास. मी प्रत्येक ओळीसमोर ‘होय’ टाकलं आणि सही केली. काकांना केक कापला, घड्याळ दिलं, झालं.

त्यानंतरची महिनाअखेर. रात्री दोन वाजून दहा मिनिटं. मी लॉग्स बघतोय आणि रेकॉर्डची संख्या नेहमीच्या बरोब्बर दुप्पट. बरोब्बर! म्हणजे प्रत्येकाचा हप्ता दोनदा कापला जाणार. सहाला फाइल बँकेत जाणार. मी चौदा रेकॉर्डिंग्ज उघडली आणि तेव्हा मला कळलं की एकोणीस तासांच्या व्हिडिओत सर्च करता येत नाही. तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये काका वीस मिनिटं सांगतायत की सर्व्हरचं नाव असं का आहे.

शेवटी धीर करून काकांना फोन लावला. ते साताऱ्याकडे गावी होते, झोपेत होते. तिसऱ्या रिंगला उचलला. मी म्हटलं, काका सॉरी, संख्या डबल दाखवतंय. ते म्हणाले, “अरे, महिनाअखेरीला क्लायंटकडून दोन फाइली येतात. पहिली उचलायची नसते. पावणेदोनला जॉब थांबवायचा, पहिली बाजूला हलवायची, मग पुन्हा सोडायचा.” चार मिनिटांत विषय संपला.

मी विचारलं, काका, हे केटीत कुठेच नव्हतं. ते थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, “तू विचारलं नाहीस. आणि खरं सांगू का, हे मला माहीत आहे हेच माझ्या लक्षात नव्हतं. हात आपोआप जायचा.”

ते वाक्य मी विसरलो नाही. पण त्यातून मी जो धडा घेतला तो चुकीचा होता. त्यावर येतो. आधी जरा बाहेर जाऊन येऊ.

‘हात आपोआप जायचा’ हा प्रकार फक्त आमच्या काकांचा नाही. मायकेल पोलान्यी नावाचा एक विचारवंत होऊन गेला, मुळात केमिस्ट्रीवाला. त्याचं १९६६ चं एक छोटं पुस्तक याच गोष्टीवर आहे: माणसाला जितकं सांगता येतं त्याहून जास्त त्याला माहीत असतं. सायकल येते, पण तोल कसा सांभाळता ते लिहून द्या म्हटलं तर आपण अडकतो. आजी पीठ मळताना पाणी किती घालते? ‘मावेल तेवढं.’ आता हे एक्सेलमध्ये कसं भरायचं?

आणि आपल्या क्षेत्रातलं बघायचं तर पीटर नाउर. डेन्मार्कचा माणूस, पुढे २००५ मध्ये त्याला ट्यूरिंग अवॉर्ड मिळालं. १९८५ मध्ये त्याने एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की प्रोग्रॅम म्हणजे फक्त कोड आणि डॉक्युमेंट नव्हे. तो असा का बांधलाय, कुठे वाकेल आणि कुठे मोडेल याची जी समज बांधणाऱ्यांच्या डोक्यात असते, खरा प्रोग्रॅम ती. त्याने उदाहरण दिलंय एका कंपायलरचं. एका टीमने तो बनवला आणि दुसऱ्या टीमला तो वाढवायचा होता. त्यांना सगळा कोड दिला, भरपूर डॉक्युमेंटेशन दिलं, वर सल्लाही दिला. तरी दुसऱ्या टीमने सुचवलेले बदल असे होते की मूळ रचनेची ताकदच जाईल. पहिल्या टीमला ते बघताच दिसायचं, आणि साधा उपाय त्याच रचनेत आहे हेही दिसायचं. कागद सगळे हातात, समज मात्र अजून पहिल्या टीमकडेच. एकोणीसशे पंच्याऐंशीत! आणि आपण अजून चौदा रेकॉर्डिंग्ज करतोय.

याहून टोकाची गोष्ट अमेरिकेतली. त्यांच्या अणुबॉम्बमध्ये एक पदार्थ वापरतात, त्याचं सांकेतिक नाव फॉगबँक. टेनेसीमधल्या ओक रिजला बनायचा. मग उत्पादन बंद झालं, माणसं रिटायर झाली, कारखान्याची ती जागाही गेली. २००० नंतर जुने बॉम्ब दुरुस्त करायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की हा पदार्थ बनवायचा कसा हेच कुणाला धड सांगता येत नाही. २००९ मध्ये तिथल्या सरकारी ऑडिट संस्थेने रिपोर्टात लिहिलं की नोंदी कमी ठेवल्या होत्या आणि जाणती माणसं जवळजवळ सगळी निघून गेली होती. वर्षं गेली, प्रचंड पैसा गेला. पण माझ्यासाठी खरी गंमत शेवटी आहे. नव्याने बनवलेला पदार्थ नीट निघेना, कारण कच्च्या मालात पूर्वी एक अशुद्धता असायची. नवीन प्रक्रियेत तो माल जास्त स्वच्छ व्हायचा, आणि ती घाणच तर लागत होती! हे आधी बनवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. म्हणजे त्यांची चौदाच काय, चौदाशे रेकॉर्डिंग्ज केली असती तरी त्यात ते आलं नसतं.

असो. माझ्यावर परत येतो.

काकांच्या फोननंतर मी एक टेक्स्ट फाइल उघडली. नाव दिलं ‘मिस्क टू’. मिस्क वन कुठे गेली देव जाणे. त्यात पहिलीच नोंद: महिनाअखेर, पावणेदोन, पहिली फाइल हलव. मग हळूहळू ती वाढत गेली. कोणता जॉब मंगळवारी हळू चालतो. कोणत्या एररकडे लक्ष द्यायचं नाही. क्लायंटकडच्या कोणत्या माणसाला मेल न करता थेट फोन करायचा. दीड वर्षात त्रेसष्ट नोंदी झाल्या. माझ्या लॅपटॉपवर, माझ्या डेस्कटॉपवर.

तुम्ही म्हणाल, टीमच्या विकीवर का नाही टाकली? मी स्वतःला सांगायचो, वेळ नाही. खरं कारण वेगळं होतं. काही अडलं की सगळे माझ्याकडे यायचे. मॅनेजर मीटिंगमध्ये म्हणायचा, महिनाअखेर आहे ना, मग तो आहे, काळजी नाही. दर महिन्याला क्लायंटचा ‘ग्रेट जॉब’ मेल. अप्रेझलला चांगलं रेटिंग. आपल्याकडे म्हण आहे ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी सव्वा लाखाची नव्हती, पण पगारवाढीत तिचा हात होता हे नक्की. काकांचं बघून मी हेच शिकलो होतो, की ज्याला माहीत असतं त्याला किंमत असते.

आणि हे फक्त माझ्या स्वभावाचं नव्हतं. सिस्टीमच तशी होती. रात्री दोनला आग विझवणाऱ्याला मेल येतो. आग लागूच नये म्हणून दुपारी तीनला दोन ओळींचा कोड लिहिणाऱ्याला काय मिळतं? काही नाही. त्याची आग कुणी बघितलेलीच नसते.

मग बहिणीचं लग्न आलं. कराडला. तारीख नेमकी महिनाअखेरीची. आमच्या टीममध्ये एक ज्युनियर होती, नांदेडची, जॉइन होऊन पाच महिने झाले होते. मी तिला सांगितलं, “काही नसतं गं, फक्त लक्ष ठेव. हिरवं दिसलं की झोप.” तिने विचारलं होतं, “दादा, महिनाअखेरीला काही वेगळं असतं का?” मी तेव्हा मेंदीवाल्याला फोन लावत होतो. मी म्हटलं, “नाही, तसं काही नाही.”

ती रात्रभर जागी राहिली. सगळं हिरवं दिसलं. दोन्ही फाइली उचलल्या गेल्या, कारण जॉबच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती. सहाला फाइल बँकेत गेली. नऊपर्यंत लोकांच्या खात्यातून हप्ता दोनदा गेला होता. कुणाचा घरभाड्याचा चेक परत आला असेल, कुणाच्या घरी सकाळीच भांडण झालं असेल, आपल्याला कळणार पण नाही. पैसे परत करायला तीन दिवस लागले.

पुढच्या आठवड्यात आरसीएची मीटिंग झाली, म्हणजे मूळ कारण शोधायची. मूळ कारण म्हणून जे लिहिलं गेलं ते होतं ‘मानवी चूक’. आणि कंसात तिचं नाव. मी त्या कॉलवर होतो. म्यूटवर. माझ्यासमोर मिस्क टू उघडी होती. पहिलीच ओळ.

मी अनम्यूट केलं नाही.

तिचं कन्फर्मेशन पुढे ढकललं. चार महिन्यांनी ती सोडून गेली. तिच्या शेवटच्या दिवशीही केक होता, मी खाल्ला.

हे मी आज पहिल्यांदा मोठ्याने बोलतोय. एपिसोड टाकायच्या आधी तिला फोन केला, परवानगी घेतली, त्याचं शेवटी सांगतो.

‘मानवी चूक’ या शब्दांवर जरा थांबू. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत काय झालं ते तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. रात्री उशिरा एक इंजिनियर डेटाबेसचा प्रॉब्लेम सोडवत होता. दमलेला. एक डिरेक्टरी डिलीट करायची होती, पण केली चुकीच्या सर्व्हरवर. सेकंद-दोन सेकंदांत लक्षात आलं आणि थांबवलं, तोवर साधारण ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर एक चालत नाही, दुसरा रिकामा, तिसरा चालूच केलेला नाही. रोजचा बॅकअप फेल होत होता, आणि तो फेल झाल्याचे मेलही जात होते, फक्त समोरचा मेलसर्व्हर ते नाकारत होता. वा! जवळपास सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच.

त्यांनी दुरुस्ती यूट्यूबवर लाइव्ह दाखवली. नोंदींचं डॉक्युमेंट जगाला उघडं ठेवलं. आणि रिपोर्टमध्ये त्या माणसाचं नाव नाही, ‘टीम मेंबर वन’ असं लिहिलंय. त्याला वाचवायचं म्हणून एवढंच नाही. नाव काढलं की लोक पुढचा प्रश्न विचारायला लागतात. एका माणसाच्या एका कमांडने हे होऊच कसं शकलं? बॅकअप चालतोय की नाही हे बघणं कोणाचं काम होतं? उत्तर निघालं की तसं कोणाचंच नव्हतं. नाव लिहून विषय संपवला असता तर हे बाहेर आलं नसतं. आमच्याकडे नाव लिहिलं, विषय संपला. पहिली फाइल पुढच्या महिन्यातही आली. मी पावणेदोनला हलवली.

आता मला जी गोष्ट सगळ्यात जास्त आवडते ती सांगतो. झेरॉक्सची. आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे कॉपी, कॅननच्या मशीनवर काढली तरी झेरॉक्सच. पण ही मूळ कंपनी. तिच्या पालो अल्टोमधल्या रिसर्च सेंटरमध्ये ज्युलियन ऑर नावाचा मानववंशशास्त्रज्ञ होता. १९८० च्या दशकात तो कॉपीयर दुरुस्त करणाऱ्या टेक्निशियन लोकांबरोबर फिरला. जसा एखादा अभ्यासक पाड्यावर जाऊन राहतो तसा. १९९६ मध्ये त्यावर पुस्तकही आलं, टॉकिंग अबाउट मशीन्स.

कंपनीचा समज असा की मशीन एरर कोड दाखवतं, टेक्निशियन मॅन्युअल उघडतो, त्यात लिहिलंय तसं करतो, घरी जातो. ऑरने बघितलं की मॅन्युअल साध्या गोष्टींना चालतं, खरी गोची झाली की नाही. ही माणसं नाश्त्याला एकत्र बसायची आणि मशीनच्या गोष्टी सांगायची. त्या अमक्या ऑफिसातलं मशीन आठवतं का, कोड एक दाखवत होतं आणि बिघाड भलतीकडेच होता. एकदा एका मशीनने असंच दमवलं. टेक्निशियनने स्पेशालिस्टला बोलावलं, आणि दोघं कित्येक तास मशीनपाशी बसून एकमेकांना जुन्या केसेस सांगत राहिले. एका गोष्टीचा तुकडा, दुसऱ्या गोष्टीचा तुकडा, असं जोडत जोडत बिघाड सापडला. त्या दोघांपैकी एकालाही उत्तर आधी माहीत नव्हतं. ते गप्पांमध्ये तयार झालं.

बाहेरून बघणाऱ्या मॅनेजरला काय दिसलं असतं? दोन माणसं टाइमपास करतायत.

झेरॉक्सचं कौतुक असं की त्यांनी हे ऐकलं. आधी टेक्निशियनना एकमेकांशी बोलायला रेडिओ दिले. मग १९९० च्या दशकात, फ्रान्समधल्या टेक्निशियनना सोबत घेऊन, युरेका नावाची सिस्टीम उभी केली. तुम्हाला एखादी युक्ती सापडली की तुम्ही ती पाठवायची, तुमच्यासारखेच अनुभवी टेक्निशियन ती तपासणार, आणि पटली तर सगळ्यांसाठी खुली होणार, तुमच्या नावासकट. प्रत्येक युक्तीला पैसे द्यावेत अशी कल्पना पुढे आली होती. ती टेक्निशियननीच नको म्हटली. पैसे आले की लोक आकडा वाढवायला बसतील, दर्जा जाईल. नाव पुरे.

हे वाचलं तेव्हा मला आमचं ‘आयडिया पोर्टल’ आठवलं. दर आयडियाला पॉइंट्स, पॉइंट्सचं व्हाउचर. एका क्वार्टरमध्ये शेकड्यांनी आयडिया. त्यातल्या निदान तीस ‘कागदी कपाऐवजी स्टीलचे मग’. मीही टाकली होती, व्हाउचरवर हेडफोन घेतले, हा माइक त्याच्यासोबतच घेतलाय. पोर्टलवरून बॅचमधली एक ओळही बदलली नाही. आणि मिस्क टू तिथे टाकावी असं मला एकदाही वाटलं नाही, कारण ती ‘आयडिया’ नव्हती ना! ते तर रोजचं काम.

इथेच आमची, म्हणजे माझी, सगळ्यात मोठी गफलत होती. माझा समज होता की ज्ञान सांभाळणं वेगळं आणि नवीन काही करणं वेगळं. एकाला विकी, दुसऱ्याला हॅकाथॉन आणि टी-शर्ट.

ती ज्युनियर गेल्यानंतर मला काही महिने बरं वाटत नव्हतं, एवढंच म्हणतो. मग एका गुरुवारी मी टीमला म्हटलं, चार वाजता चहाला पँट्रीत बसू, वीस मिनिटं. प्रत्येकाने सांगायचं की या आठवड्यात मी कुठे अडकलो. कुठे जिंकलो ते नाही. मॅनेजरला विनंती केली की तू येऊ नकोस, किंवा ये पण आधी तू स्वतः कुठे अडकलास ते सांग. तो आला आणि त्याने सांगितलं की गेल्या महिन्यात त्याने क्लायंटला चुकीचा एस्टिमेट दिला. खरं सांगतो, तिथून लोक मोकळे झाले. सीनियर माणूस पहिला ‘मला येत नव्हतं’ म्हणाल्याशिवाय ज्युनियर ते म्हणत नाही, तुम्ही कितीही ओपन कल्चरची पोस्टर लावा. कुणीतरी या मीटिंगला नाव दिलं ‘रडगाणं’. तेच राहिलं.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी मी मिस्क टू आणली आणि टीव्हीवर लावली. हात थरथरत होते म्हणणं जरा फिल्मी होईल, पण चहा घशाखाली जात नव्हता. पहिली ओळ वाचली. महिनाअखेर, पावणेदोन, पहिली फाइल हलव.

एक नवा मुलगा होता, ट्रेनी, तीन आठवडे झालेले. त्याने विचारलं, “पण ती पहिली फाइल येतेच कशाला?”

सगळे गप्प. काकांनी ती सात वर्षं हलवली होती. मी दोन वर्षं हलवत होतो. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता, कारण ती गोष्ट एका वेळी एकाच माणसाच्या डोक्यात होती, आणि तो ती करण्यात पटाईत झाला होता. क्लायंटला मेल टाकला. दोन दिवसांनी उत्तर आलं: कधीकाळी त्यांची जुनी सिस्टीम बदलताना टेस्टसाठी एक शेड्यूल लावलं होतं, ते काढायचं राहून गेलं. काढू का?

काढलं. एका क्लिकचं काम.

मी त्या दिवशी घरी जाताना भूमकर चौकात पाऊण तास अडकलो होतो आणि पूर्ण वेळ एकच डोक्यात. जे गुपित मी दोन वर्षं जपलं, ज्याच्यामुळे एका मुलीची नोकरी गेली, ते मुळात ज्ञानच नव्हतं. कुणाचा तरी काढायचा राहिलेला कचरा होता. मुठीत होता म्हणून मौल्यवान वाटत होता.

त्या त्रेसष्ट ओळींपैकी पुढच्या सहा महिन्यांत बावीस ओळी मेल्या. म्हणजे त्या युक्तीची गरजच उरली नाही. कुणी स्क्रिप्ट लिहिली, कुणी अलर्ट लावला, एका ठिकाणी तर जॉबच बंद केला कारण त्याचा रिपोर्ट कुणी वाचतच नव्हतं. आमच्या टीमचं सगळं इनोव्हेशन, हा शब्द मला आवडत नाही पण असो, त्या फाइलमधून आलं. पोर्टलमधून नाही.

थ्री-एमच्या पोस्ट-इटची गोष्ट तुम्ही दहा वेळा ऐकली असेल, मी फक्त त्यातला एक तपशील सांगतो. स्पेन्सर सिल्व्हरला तो अर्धवट चिकटणारा डिंक सापडला १९६८ मध्ये. काही उपयोग सुचेना. पण तो कंपनीतल्या लोकांना वर्षानुवर्षं सांगत राहिला, सेमिनार घेत राहिला. त्याचा एक सेमिनार आर्ट फ्राय नावाच्या दुसऱ्या विभागातल्या माणसाने ऐकला, आणि १९७४ मध्ये चर्चच्या गाण्याच्या पुस्तकातून खुणेचे कागद पडत होते तेव्हा त्याला तो डिंक आठवला. देशभर पोस्ट-इट विकायला आलं १९८० मध्ये. बारा वर्षं! आपण सगळे फ्रायच्या डोक्यात पेटलेल्या दिव्याबद्दल बोलतो. पण सिल्व्हरने ‘आधी उपयोग सापडू दे, मग सांगू’ म्हणून तो डिंक कपाटात ठेवला असता तर?

आता तुमचा प्रश्न मला ऐकू येतोय, कारण गेल्या वेळी कॉमेंट्समध्ये निम्म्या लोकांनी हाच विचारला होता. सगळं सांगून टाकलं तर उद्या मला काढतील त्याचं काय? त्यात आता एआय. आमच्याकडे विकीवर चॅटबॉट बसवलाय, त्याला विचारलं की तो २०१९ ची प्रोसेस अगदी आत्मविश्वासाने सांगतो.

मी खोटं सांगणार नाही. भीती खरी आहे. ज्या कंपनीत माणूस सांगतो आणि मग त्यालाच बाहेर काढतात, तिथे मूठ झाकून ठेवणं हा शहाणपणा आहे, आणि मी कुणाला तिथे हरिश्चंद्र व्हा म्हणणार नाही. कंपनीला ज्ञान हवं असेल तर आधी सांगणाऱ्याला धोका नाही एवढं तिने दाखवावं लागेल, आणि पोस्टरवर दाखवून चालणार नाही, अप्रेझलमध्ये दाखवावं लागेल. माझ्यापुरतं सांगतो: मिस्क टू उघडी केल्यावर त्या वर्षी माझं रेटिंग एक पायरी खाली आलं. आग लागलीच नाही तर विझवणार काय! पण नवीन नोकरीच्या इंटरव्ह्यूत त्यांनी विचारलं की एखादी गोष्ट सांग जी तू बदललीस, तेव्हा माझ्याकडे सांगायला बावीस ओळी होत्या. महिनाअखेरीला फाइल हलवतो, हे मी काय सांगणार होतो?

हां, तर त्या मुलीचा फोन. ती आता बंगळुरूला आहे, मस्त चाललंय. मी सगळं सांगितलं, म्यूटचंही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला तेव्हा वाटायचं, मलाच काहीतरी कळत नाही. एक वर्ष वाटायचं.” मी माफी मागितली. ती ‘इट्स ओके’ म्हणाली नाही, आणि ते बरोबर आहे. एपिसोडमध्ये सांगू का विचारलं तर म्हणाली सांग, नाव नको. फोन ठेवताना तिने विचारलं, “दादा, ती फाइल आता तरी कुणाला दिलीस का?”

तर मॅनेजरच्या एक्सेलला मी काल उत्तर दिलं. रेकॉर्डिंग एकही करणार नाही. उरलेल्या दिवसांत सगळ्या बॅच तो ट्रेनी, आता तो ट्रेनी नाही म्हणा, तो चालवणार. मी मागच्या खुर्चीत. त्याचा हात जिथे थबकेल तिथे थांबून बोलायचं, आणि माझा हात जिथे आपोआप पुढे जाईल तिथे त्याने मला अडवून विचारायचं, का? उत्तर तो लिहिणार, त्याच्या शब्दांत. मॅनेजर म्हणाला, मग ‘होय / नाही’च्या कॉलममध्ये काय टाकू? मी म्हटलं, सध्या रिकामा ठेव.

आज एकतीस तारीख आहे. दीडला बॅच सुरू होते. मी आता जेवून ऑफिसला निघतो, त्याने मेसेज केलाय की येताना मिसळीचं पार्सल आण, इतक्या रात्री मिसळ कुठून आणू मी! बघतो काहीतरी. तुमच्या टीमचं मिस्क टू कोणाकडे आहे ते कॉमेंटमध्ये लिहा, नाव न लिहिता. भेटू पुढच्या एपिसोडला.